शाडूची गोळी

बुधवार, रात्र

दिवाळीला लेकीचा मामा अमेरिकेहून आला, तो तिच्यासाठी एक खोका घेऊन. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, तेव्हा आज कुठे तो उघडला. आत पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं टोक, पंख कापून ठेवलेला बाल्सा लाकडाचा पातळ तक्ता, रबरी दोरी आणि प्लॅस्टिकची छोटी छत्री, म्हणजे पॅराशूट. मॉडेल रॉकेटचं किट. रॉकेट ज्याच्यावर उडतं तेवढं मात्र त्यात नाही.

ते म्हणजे बोटभर लांबीचं पुठ्ठ्याचं काडतूस, आत घट्ट दाबलेली काळी दारू. विमानात न्यायला सक्त मनाई, त्यामुळे मामा आणूच शकला नसता. सूचनांच्या कागदावर त्याचं नाव छापलंय, सी6-5. लेकीने विचारलं म्हणून दोघांनी बसून उलगडलं. सी म्हणजे एकूण जोर, जास्तीत जास्त 10 न्यूटन-सेकंद. बी त्याच्या निम्मा, ए त्याच्याही निम्मा. 6 म्हणजे सरासरी रेटा 6 न्यूटन, सहाशे ग्रॅमचं वजन हातावर तोलायला लागतो साधारण तेवढा. आणि 5 म्हणजे दारू संपल्यावर पाच सेकंद रॉकेट आपल्याच वेगाने वर जात राहणार, मग पुढच्या अंगाने लहानसा बार होऊन छत्री बाहेर पडणार. एवढ्याशा नावात अख्खी फेरी लिहून ठेवलीय. मला हे फार आवडलं.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, त्यात काय, उरलेले बाण फोडा आणि दारू भरा. त्यांना हात जोडून नाही म्हटलं. हा छंद वाढलाच मुळी पोरांनी घरी दारू कुटू नये म्हणून. 1950 च्या दशकात तिकडे मुलं गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांत काहीबाही ठासून भरायची आणि बोटं, डोळे गमवायची. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्विल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते, त्यांना आतषबाजीची जाण होती. त्यांनी 1954 मध्ये कागदी नळीचं, छत्रीने खाली उतरणारं रॉकेट केलं. 1957 मध्ये हॅरी स्टाइन या रॉकेटच्या जाणकाराशी त्यांची गाठ पडली आणि तयार काडतुसाची ही पद्धत रुजली. नळीत धातू नको, दारूला हात लावायचा नाही, हे दोन नियम तेव्हापासूनचे. आमच्या घरी ते पाळले जाणार.

गुरुवार

आज आबा कामाला लागले. पिंपरीला एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर गुण्या आणि ओळंबा पेटीत पडून होते, ते बाहेर आले.

तीन पंख नळीवर सारख्या अंतरावर बसवायचे. मी मोजपट्टी शोधत होतो, तोवर आबांनी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळली, जोडावर खूण केली, सोडवून तिच्या तीन सारख्या घड्या घातल्या आणि परत गुंडाळली. झाल्या तीन खुणा. आता त्या खुणांवरून नळीच्या लांबीला सरळ रेघ कशी मारायची? गोल वस्तूवर पट्टी ठरत नाही. आबा नळी घेऊन दारापाशी गेले, चौकटीच्या खाचेत ती टेकवली आणि खाचेच्या काठाने पेन्सिल ओढली. "पंख तिरका बसला तर रॉकेट फिरत जाईल, बाळा. रेघ सरळ तर सगळं सरळ."

लेकीने पंखांच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या. बाल्सा इतका हलका की तिच्या श्वासाने पंख टेबलावरून सरकत होता. मग फेव्हिकॉल, आणि बुडाशी बोटाने ओढलेली गोंदाची बारीक कड. रात्री उभं करून ठेवलंय.

शनिवार

छत्रीला टाल्कम पावडर लावून घडी घातली, नाहीतर प्लॅस्टिक चिकटून बसतं. गच्चीवरून रॉकेट खाली सोडलं. एक, दोन, तीन, चार म्हणेपर्यंत तरंगत पार्किंगमध्ये उतरलं. लेक जिने उतरून आणायला पळाली आणि धापा टाकत परत आली. असं सहा वेळा.

पण वर कसं जाणार? संध्याकाळी बोहरी आळीत जाऊन अर्ध्या इंची पाइपाचे तुकडे आणि एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणला. दोन लिटरची सोड्याची बाटली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, भरपूर टेप. बाटलीवर उडी मारली की हवा पाइपातून जोरात निघते आणि पाइपावर घातलेलं कागदी रॉकेट उडवते. किटचं रॉकेट याला जड पडतं, म्हणून त्याच्याच मापावरून निम्म्या उंचीचं कागदी केलं. पंख जुन्या लग्नपत्रिकेचे. नळी पाइपावरच गुंडाळायची, पण आवळायची नाही. घट्ट झाली तर सरकत नाही, सैल झाली तर हवा बाजूने निसटते.

रविवार, सकाळ

सातला तळजाईच्या टेकडीवर. थंडी होती, वारा नव्हता. आबांनी पाइप ओळंब्याने सरळ केला. पाइपावर कुणी वाकायचं नाही हे तिला दोनदा बजावलं. लेकीने उडी मारली. फट्! रॉकेट एक मजला चढलं, आडवं झालं, कोलांट्या खात गवतात पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर थेट माझ्याकडे वळलं. चपटी झालेली बाटली दर वेळी पाइपाभोवती मूठ धरून, मुठीत फुंकून फुगवायची. आठव्यांदा लेकीने फुंकलं नाही. गवतात बसून राहिली.

चूक माझी होती. सूचनांच्या कागदावर दोरा बांधून फिरवून बघा असं लिहिलेलं, ते मी ओलांडून पुढे गेलो होतो.

रविवार, दुपार

गच्चीवर. रॉकेट बोटावर तोललं, जिथे तोल सांभाळला तिथे दोरा बांधला आणि डोक्याभोवती गरगर फिरवलं. नीट असतं तर टोक पुढे ठेवून फिरलं असतं. आमचं आडवं झालं, मग चक्क शेपूट पुढे.

लेकीने मग जो प्रश्न विचारला तो मला या आठवड्यात मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. "बाबा, फटाक्यातल्या बाणाला पंख नसतात. मग तो कसा सरळ जातो?"

त्याला लांब काडी असते. रॉकेट जरा कलंडलं की बाजूने हवा लागते. ती हवा मागच्या भागाला जास्त लागली, तर शेपूट मागे ढकललं जातं आणि टोक पुन्हा वाटेवर येतं. काडी तेच करते, पंखही तेच करतात. अट एवढीच की तोलाचा बिंदू, हवेचा सगळा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे असला पाहिजे, निदान नळीच्या जाडीएवढा. आमचं टोक नुसत्या कागदाचं, तोल मागे गेलेला. पंख मोठे करायचे, नाहीतर टोक जड करायचं.

ती खाली पळाली आणि गणपतीतली उरलेली शाडू घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन महिने पडून कडक झाली होती. तिने पाण्याचे चार थेंब घातले, तळहातावर मळली, हरभऱ्याएवढी गोळी केली आणि टोकात बोटाने दाबून बसवली. तोलाचा बिंदू दोन बोटं पुढे सरकला. दोरा तिथे बांधून तिनेच फिरवलं. टोक पुढे. एक फेरी, दोन फेऱ्या, टोक पुढेच. आबांनी काही न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रविवार, संध्याकाळ

पुन्हा तळजाई. आबा वीस पावलांवर कोनमापक घेऊन उभे, त्याला दोऱ्याने नट लोंबकळत सोडलेला. सगळ्यात वर पोचलेल्या रॉकेटवर नजर धरून कोन 45 अंश आला तर जेवढं अंतर तेवढी उंची, त्यात डोळ्यांची उंची मिळवायची.

लेकीने दोन्ही पाय जोडून उडी मारली.

गेलं ते दिसलंच नाही. मान वर केली तेव्हा पांढरी रेघ वर थांबल्यासारखी होती, मग टोक खाली करून सरळ आली आणि मातीत रुतून उभी राहिली. आबा ओरडले, "पंचेचाळीसच्या वर गेलं गं!" अंतर पंधरा मीटर धरलं तर निदान सोळा-साडेसोळा मीटर, पाचमजली इमारतीएवढं. नंतर अंधार पडेपर्यंत अकरा वेळा उडवलं. दोनदा बाभळीत अडकलं, दोन्ही वेळा काढलं. शेवटी टोक चेपून गोळी फुटली.

किटचं रॉकेट कपाटावर उभं आहे, काडतुसाची जागा रिकामी. लेकीने ते आज एकदाही खाली घेतलं नाही. जेवण झाल्यावर तिने नवा कागद गुंडाळला, या वेळी थोडा लांब, आणि पंख तीनाऐवजी चार. पाइपावरच वाळत ठेवलाय. शाडूची पिशवी ओल्या फडक्यात बांधून मी ओट्याखाली ठेवली आहे.