तुम्ही विचारलंत म्हणून : हे तुमच्या घराण्यातच आहे का?

दम्याबद्दलचा हा प्रश्न मला दोन ठिकाणी ऐकावा लागतो. पहिलं ठिकाण परळमधलं एक हॉस्पिटल, जिथे एकवीस वर्षं मी फुप्फुसांच्या तपासणीसाठी लोकांना फुंकायला लावते. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि वर माझा आरडाओरडा: "घ्या, घ्या, छाती भरून घ्या, आता सोडा! जोरात! अजून, अजून, अजून!" निदान सहा सेकंद हवा बाहेर पडत राहायला हवी, म्हणून ओरडावं लागतं. त्यातली पहिल्या सेकंदात किती बाहेर आली हे मशीन मोजतं. पंपाचं औषध देऊन, पंधरा मिनिटं बसवून पुन्हा फुंकायला लावलं आणि तरीही पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा निघाली, तर श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात असं धरतात. सगळं आटोपलं की माणूस घाम पुसत विचारतो, "ताई, आमच्या वडलांनाही होतं. म्हणजे घराण्यातच ना?"

दुसरं ठिकाण लग्नाची बोलणी. भाचीला स्थळं यायला लागल्यापासून समोरच्या बायका पोह्यांची बशी हातात धरून म्हणतात, "मुलीच्या आईला दमा आहे म्हणे. आजोबांनाही होता. म्हणजे तुमच्याकडे..." पुढचं बोलत नाहीत. पोहे खातात.

याचं उत्तर द्यायचं तर लालबागच्या आमच्या खोलीत जावं लागेल. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आजोबा सावंतवाडीकडून आले आणि गिरणीत कार्डिंग खात्यात लागले. कार्डिंग म्हणजे पिंजलेल्या कापसाचे तंतू विंचरून सरळ करायचे. गिरणीत सगळ्यात जास्त धूळ ब्लो रूममध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी फोडून झाडतात तिथे, आणि या खात्यात. आजोबांची एक तक्रार आजी पुढेही सांगायची: सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती कुणी दोरीने आवळल्यासारखी व्हायची, आणि दोन-तीन दिवसांत सैल पडायची. त्यांना वाटायचं, सुट्टीत अंग आळसावतं म्हणून होत असेल. मी या कामाला लागले तेव्हा शिकवणीत बिसिनोसिस हा शब्द आला, कापसाच्या धुळीचा आजार. त्याची ओळखायची खूण काय, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले. वर्षं जातात तशी ती आवळण रोजची होते आणि मग सैल पडत नाही. आजोबा विडीही ओढायचे, ते लपवण्यात अर्थ नाही.

बाबा त्याच खात्यात. तेव्हा गिरणीत नोकरीसुद्धा बापाकडून पोराकडे यायची. बाप मुकादमाच्या कानावर घालायचा, पोरगा आधी बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागायचा, मग कायम व्हायचा. गावी आमची जमीन नव्हती, त्यामुळे आजोबांकडून बाबांना मिळालं ते एवढंच. बाबांनी विडीला कधी हात लावला नाही. पाळीवरून घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, हे मला पक्कं आठवतं. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, बाबाही बसले. खोकला मात्र संपावर गेला नाही. पुढे वॉचमनची नोकरी करताना दुसऱ्या मजल्यावर पोचले की कठडा धरून उभे राहायचे आणि कुणी पाहतंय असं वाटलं की खाली रस्त्यावर काहीतरी बघतोय असं दाखवायचे.

आजोबा दमेकरी, बाबा दमेकरी. चाळीने निकाल देऊन टाकला.

पण मग आजीचं काय? ती मालवणकडची, लग्न करून या घरात आलेली. आजोबांशी तिचं रक्ताचं काही नातं नाही. विडी नाही, गिरणीत एक दिवस काम नाही. तिची खानावळ होती. बायकापोरं गावी ठेवून आलेले चौदा गडी आमच्या खोलीत पाळीप्रमाणे जेवायचे, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत काही ना काही चुलीवर. आधी चूल होती, मग रॉकेलचा स्टोव्ह आला. पिन मारा, पंप मारा, भडकला की काळा धूर. खिडकी एकच, तीही गॅलरीत उघडणारी. साठीत आजीला आडवं होऊन झोपता येईना. भिंतीला उशी लावून बसूनच डुलक्या काढायची. शेजारीण म्हणायची, "घोवाचो दमो लागलो गो तिका." घोवाचा म्हणजे नवऱ्याचा. नवऱ्याचा कसला, चौदा जणांच्या भाकऱ्यांचा लागला.

आजीसारख्या बायका आजही माझ्यासमोर खुर्चीवर येऊन बसतात आणि म्हणतात, "मी तर कधी सिगारेट ओढली नाही हो." रिपोर्टवर सीओपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. या आजाराने भारतात वाया गेलेल्या निरोगी वर्षांचा २०१६ सालचा हिशेब मांडला गेला, त्यात सुमारे ५४ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला, घरातल्या चुलीचा धूर त्यातच. तंबाखूचा निघाला २५ टक्के. आपण मात्र दम लागलेल्या माणसाला पहिलं विचारतो, "ओढायचात का?" ओढत नसेल तर लगेच, "मग घराण्यात असेल."

क्षयाबद्दलही लोक पूर्वी हेच म्हणायचे. १८८२ मध्ये कॉखने जंतू दाखवला, तोवर तो घराण्याचा आजार आहे असं मानणारे डॉक्टरही होते. एका खोलीत दहा माणसं झोपत असतील तर जंतूला कुळी विचारावी लागत नाही. आणि बरा झालेला क्षयसुद्धा फुप्फुसावर वण ठेवून जातो. शिवडीच्या हॉस्पिटलात तरुणपणी उपचार घेतलेले कितीतरी जण आता माझ्याकडे फुंकायला येतात.

तरी रक्ताचा काहीच वाटा नाही असं मी म्हणाले तर ते खोटं ठरेल, कारण माझी बहीण आहे. ती आणि मी एकाच गोधडीत झोपलो, एकाच स्टोव्हचा धूर गिळला. तिला चौथ्या वर्षी दमा लागला, मला पन्नाशीतही नाही. दम्याचं असं एकच जनुक नाही, बरीच जनुकं थोडा थोडा हात लावतात. पण सतरा क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जागा आहे, तिथे ठरावीक फरक असलेल्या मुलाला लहानपणी घरात सिगारेटचा धूर मिळाला तर लवकर दमा लागण्याचा धोका आणखी वाढतो. रक्त आणि धूर असे वेगवेगळे मोजताच येत नाहीत तिथे.

खरोखर रक्तातून उतरणारं दुखणंही आहे. आपलं यकृत अल्फा-१ अँटीट्रिप्सिन नावाचं प्रथिन बनवतं. आपल्याच पांढऱ्या पेशींच्या रसापासून ते फुप्फुसाचं रक्षण करतं. काहींना आईवडील दोघांकडूनही त्याचं बिघडलेलं जनुक मिळतं आणि चाळिशीतच फुप्फुसं विरायला लागतात. स्वीडनमध्ये १९६३ साली हे लक्षात आलं. उत्तर युरोपात ते जास्त, आपल्याकडे क्वचित. तरुण वयात, कारण सापडत नसताना इतकी खराबी दिसली तर डॉक्टर त्याची रक्ततपासणी सांगतात. आणि हे जनुक असलेल्यानेही सिगारेट ओढली तर खराबी कितीतरी लवकर येते.

लोकांना एक गोष्ट सांगितली की ते गप्प होतात. फुप्फुसं विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढतात, मग सगळ्यांचीच उतरायला लागतात. धुरात वाढलेल्या मुलाचं मुद्दलच कमी असतं. खर्च इतरांइतकाच झाला तरी त्याचं खातं लवकर रिकामं होतं. बाबांनी आजीच्या चुलीचा धूर पाळण्यात घेतला आणि गिरणीची धूळ अठराव्या वर्षी. त्यांच्या खोकल्यात कुणाचा हात किती, हे कुठल्या मशीनवर मोजू?

आता स्टोव्ह गेला, गिरणीच्या जागी टॉवर आले. पण खोलीत कॉईल जळतेच. खिडक्या बंद करून, बाळाच्या उशाशी. एक कॉईल पूर्ण जळेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत जातात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असं मोजलेलं आहे. ही कॉईल सासूही लावते, सूनही लावते, नातही लावेल. मग तीन पिढ्या खोकल्या की घराण्याचं नाव.

कबुतरांबद्दल बोलणं मुंबईत धोक्याचं झालंय. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा काय वादळ उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर काहींची फुप्फुसं तिच्याशी लढता लढता घट्ट होत जातात, आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. तेच दाणे घरातले चौघे टाकतात आणि एकीलाच होतं. का एकीलाच, तर तिथे पुन्हा रक्त येतं. म्हणून मला कुणी घराण्याचं विचारलं की आधी मीच विचारते: कॉईल लावता का? खिडकी कुठे उघडते? एसीच्या डब्यावर घरटं आहे का? वडील कुठल्या खात्यात होते?

भाचीचं राहिलं. गेल्या महिन्यात नायगावच्या एका घरी आम्हीच गेलो होतो. मुलाच्या आईने तोच अर्धा प्रश्न टाकला. मी तोंड उघडायच्या आत भाचीने पर्समधून पंप काढून टेबलावर ठेवला. "आईला आहे, मलाही थोडा आहे. काकू, हा घेऊन मी कळसूबाई चढून आलेय." मुलगा हसला. काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी पोहे आणखी वाढले.

बैठकीच्या खिडकीत एक वाडगा होता, ज्वारीचा. तीन कबुतरं त्याच्यावर तुटून पडली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने त्यांची पिसं आत येत होती. लग्न ठरलंय. वाडग्याबद्दल मी अजून काही बोलले नाही, साखरपुडा होऊ दे.