निवेदक त्याच्याशीच बोलतो, असं त्याला वाटतं तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेकदा आईवडिलांचा असतो: "मुलगा म्हणतो, बातम्यांत मंत्री बोलले ते त्यालाच उद्देशून होतं. त्याला पटवायचं कसं?"

पटवायला जाऊच नका. कशाकडे लक्ष द्यायचं हे मेंदू सतत ठरवत असतो आणि त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा वाटा असतो. ती यंत्रणा बिघडली की निवेदकाच्या शर्टाचा रंग किंवा खाली सरकणाऱ्या पट्टीतला एखादा आकडाही मुद्दाम दाखवल्यासारखा वाटतो. आधी तो धक्का बसतो, अर्थ मागाहून जुळतो. त्यामुळे वाद घातलात तर तुम्हीही 'त्यांच्यातले' ठरता. त्यात राजकारणात नाव न घेता टोले हाणायची रीतच आहे. "काही लोकांना आम्ही ओळखून आहोत" यातले 'काही लोक' कोण, ती जागा मोकळीच असते. घाबरलेलं मन तिथे स्वतःला बसवतं.

अर्थसंकल्प ऐकून "हे आपल्याच मुळावर आलं" म्हणणं वेगळं. तो माणूस दुसरी शक्यता ऐकून घेतो. इथे शंकेला जागाच उरलेली नसते.

"हो, खरंच तुझ्याबद्दल होतं" असं म्हणू नका, "वेड लागलंय का" असंही नको. "हे ऐकून तुला भीती वाटत असेल. रात्री झोप लागली का?" एवढं विचारा. झोपेचं उत्तर फार मोलाचं असतं. हे कधीपासून चाललंय, किती तास झोप होते, गांजा-दारू, नवं औषध, विशेषतः स्टेरॉइड, हे सगळं कागदावर लिहून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. वयस्कर माणसात हे दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालं असेल, तर आधी फिजिशियन गाठा. लघवीचा संसर्ग किंवा घसरलेलं सोडियमही असं करू शकतं.

गोळ्यांनी झोप लवकर सुधारते, पण संशय ओसरायला बऱ्याचदा 2 ते 6 आठवडे लागतात. खरी चूक पुढे होते. बरं वाटलं म्हणून घरचेच गोळ्या थांबवतात आणि काही महिन्यांत सगळं परत येतं. पहिल्या खेपेलाही बरं वाटू लागल्यावर सहसा निदान वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं.

कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो जीव द्यायची भाषा करत असेल, आवाज हुकूम देतात म्हणत असेल किंवा 'जाब विचारायला' कुणाच्या घरी निघाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आवरत नसेल तर 112.