फर्मवेअरचं एकच गाठोडं की सुटी पॅकेजं?

फर्मवेअर म्हणजे वायफाय, ग्राफिक्ससारख्या चिपांना चालू होताना लागणाऱ्या फाइली. जून 2025मध्ये आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने आपलं भलंमोठं लिनक्स-फर्मवेअर (linux-firmware) पॅकेज फोडून कंपनीवार सुटं केलं: इंटेल, एएमडीजीपीयू, एनव्हिडिया, रियलटेक, अथेरॉस, मीडियाटेक वगैरे. जुन्या नावाचं पॅकेज आता आतून रिकामं आहे; ते फक्त नेहमी लागणारी सुटी पॅकेजं ओढून आणतं. डेबियन या दुसऱ्या प्रकारात ती आधीपासूनच सुटी होती आणि 2023च्या बाराव्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरच्या इमेजमध्येही मिळतात.

सुटं करण्याचा फायदा खरा आहे. एनव्हिडियाच्या फाइली फार जागा खातात आणि इंटेल ग्राफिक्सच्या मशीनवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. दर अपडेटला त्या डाउनलोड करायच्या कशाला? पण इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एखादा जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: रिकामं दिसणारं मूळ पॅकेज काढू नका. एकाच मॉडेलची बरीच मशीनं सांभाळायची असतील तरच नको त्या पॅकेजांची छाटणी करा.

कारण चूक लगेच कळत नाही. वायफाय चिपमध्ये फर्मवेअर एकदा चढलं की डिस्कवरची फाइल उडवली तरी नेट चालूच राहतं. रीबूट केलं की वायफाय गायब, आणि पॅकेज परत आणायला नेटच नाही.

छाटायचंच असेल तर आधी यादी काढा. एलएसपीसीआय -एनएनके (lspci -nnk) हा आदेश प्रत्येक कार्डासमोर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, दाखवतो. त्या नावावर मॉडइन्फो -एफ फर्मवेअर (modinfo -F firmware) चालवलं की तो ड्रायव्हर कोणत्या फाइली मागू शकतो ते दिसतं. यादी लांबलचक येते, कारण त्यात त्या ड्रायव्हरच्या सगळ्या चिपा असतात. प्रोसेसर इंटेलचा म्हणून वायफायही इंटेलचंच असेल असं धरून चालू नका. स्वस्त लॅपटॉपांत ते बरेचदा रियलटेकचं निघतं. क्वालकॉमची बरीच वायफाय कार्डं अथेरॉसच्या पॅकेजमध्ये सापडतात. ब्लूटूथ बहुधा यूएसबीवर असतं, त्यामुळे यूएसबीची यादी देणारं एलएसयूएसबीसुद्धा (lsusb) बघा. नव्या इंटेल लॅपटॉपांच्या आवाजासाठी लागणारं एसओएफ फर्मवेअर तर या गाठोड्यात कधी नव्हतंच. स्पीकर मुके असतील आणि सेटिंगमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर आधी ते तपासा.

मग डीमेसेगमध्ये (dmesg, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद) ‘फर्मवेअर’ (firmware) शोधा. ‘फेल्ड विथ एरर -2’ म्हणजे फाइल सापडली नाही, पण तेवढ्यावरून घाबरू नका. इंटेलचा वायफाय ड्रायव्हर वरच्या आवृत्तीपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली येतो, म्हणून असे दोन-चार एरर दाखवून शेवटी नीट चालूही होतो. ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ दिसलं तर मात्र वायफाय नाहीच. रियलटेकचं वायरचं नेट बहुतेक वेळा फाइलीवाचूनही चालतं. अडचणीत तेच उपयोगी पडतं.

ग्राफिक्सचं गणित वेगळं. एएमडीचा ड्रायव्हर बरेचदा इनिटरामएफएसमधूनच, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या छोट्या इमेजमधूनच, चढतो. पॅकेज टाकलं पण ती इमेज नव्याने बनली नाही, तर डिस्कवर फाइल असूनही पडदा काळाच राहतो. डेबियनवर अपडेट-इनिटरामएफएस -यू (update-initramfs -u) आणि आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ -पी (mkinitcpio -P) चालवून मगच रीबूट करा.

आर्चवर जून 2025च्या त्या बदलापासून अपडेटच न केलेल्या मशीनला आणखी एक खोडा आहे. एनव्हिडियाच्या फोल्डरांची मांडणी बदलल्यामुळे पॅकमॅन हा आर्चचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम ‘फाइल आधीच आहे’ म्हणून अडतो. तिथे पॅकमॅन -आरडीडी लिनक्स-फर्मवेअर (pacman -Rdd linux-firmware) आणि लगोलग पॅकमॅन -एसवाययू लिनक्स-फर्मवेअर (pacman -Syu linux-firmware) चालवा. या दोन आदेशांच्या मध्ये रीबूट अजिबात नको. लाइट जायची शक्यता असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच हे काम काढा.

आणि तरीही फसलात, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, चालू करा. त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही, आणि हवं ते पॅकेज तिथूनच ओढता येतं.