केटलिन क्लार्क खरंच एवढी भारी आहे का?

तू आयोवात राहतेस ना, मग ती बास्केटबॉलवाली केटलिन क्लार्क खरंच एवढी भारी आहे की नुसती हवा? फॅमिली ग्रुपवर मावसभाऊ विचारतात, इथल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत नव्याने आलेली मंडळी विचारतात, आणि आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाचं काय ते लिहूनच टाकते.

भारी आहे. पण ज्या रील्स बघून तुम्ही विचारताय ना, ते पार कोर्टच्या मधल्या लोगोजवळून टाकलेले थ्री, म्हणजे तीन पॉइंट्सचे लांबचे शॉट, त्यासाठी नाही. माझ्या मते तिची खरी कमाल पासिंगमध्ये आहे.

रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, बऱ्याचदा ती स्वतःच घेते, आणि बॉल हातात यायच्या आधीच मान वळवून तिने बघून ठेवलेलं असतं पुढे कोण सुटलंय ते. मग एखादा ड्रिबल, कधी तोही नाही, आणि एका हाताने भिरकावलेला बॉल अर्धं कोर्ट ओलांडून पळणाऱ्या पोरीच्या दोन पावलं पुढे जाऊन पडतो, समोरच्या टीमच्या पोरी अजून वळतायत तोवर इकडे लेअप, म्हणजे बास्केटपाशी जाऊन टाकलेला शॉट, झालेला असतो. लांबच्या थ्रीचा उपयोग पण इथेच येतो, कारण ती तिथून टाकू शकते म्हटल्यावर तिला अडवायला दोघीजणींना बाहेर यावंच लागतं, आणि दोघी बाहेर आल्या की आत कोणीतरी मोकळं असतंच. कॉलेजची पहिली तीन वर्षं बास्केटखाली तिची टीममेट मोनिका झिनानो उभी असायची, तिला नुसता बॉल पोचवायचा, बाकी ती बघून घ्यायची. २०२१-२२ च्या सीझनला केटलिन पॉइंट्समध्ये पण देशात पहिली आणि असिस्टमध्ये, म्हणजे ज्यावर दुसरीने बास्केट केला अशा पासमध्ये, पण पहिली, दर मॅचला सरासरी २७ आणि ८. एकाच सीझनला दोन्हीत पहिलं येणं हे डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या, बायकांमध्ये त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. टर्नओव्हर, म्हणजे हातातला बॉल समोरच्यांना घालवणं, पण भरपूर करते बरं का, तेही सांगायला हवं.

पोरगी इथलीच, डे मॉइनची, जन्म २००२ चा. लहानपणी त्या वयाच्या मुलींची टीम नाही म्हणून मुलांच्यात खेळली. नोटर डेम युनिव्हर्सिटीसारखं नाव समोर असताना घरापासून दोन तासांवरच्या आयोवा युनिव्हर्सिटीत गेली, तेही २०२० मध्ये, कोरोनात, जेव्हा स्टँड रिकामे होते. त्याच पहिल्या वर्षी सरासरी २६.६, देशात सगळ्यात जास्त.

आता टीव्हीवाले सांगतात की ही सगळी गर्दी तिने शून्यातून उभी केली. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत, त्या शाळेत सिक्स-ऑन-सिक्स खेळलेल्या. म्हणजे एका टीमच्या सहाजणी, तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही आणि ड्रिबल फक्त दोन. मुलींना जास्त पळवलं तर झेपणार नाही या समजुतीतून आलेला हा खेळ, पण आयोवातल्या गावागावात त्याचं असलं वेड होतं की काय विचारता. १९६८ च्या स्टेट टूर्नामेंटमध्ये डेनिस लाँगने एका मॅचमध्ये १११ पॉइंट्स केले होते, पुढच्या वर्षी पुरुषांच्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिचं नाव घेतलं, ते वरून रद्द झालं ती गोष्ट वेगळी. हा प्रकार इथे १९९३ पर्यंत चालू होता. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये उघड्यावर आयोवा विरुद्ध डीपॉल मॅच ठेवली आणि ५५,६४६ लोक आले, तेव्हा आजींना काहीच विशेष वाटलं नाही. त्यांची तक्रार एकच, पोरगी रेफरीशी फार हुज्जत घालते. खरंय ते, २०२३ च्या कॉलेज फायनलला बॉल मागे भिरकावला म्हणून टेक्निकल फाउल मिळाला होता.

त्या फायनलचं ते हातवाऱ्यांचं प्रकरण तर सगळ्यांना पाठच आहे. एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) १०२-८५ ने हरवलं आणि त्यांच्या एंजल रीसने केटलिनसमोर चिडवायला म्हणून चेहऱ्यापुढे हात हलवला, तर लोक तुटून पडले. त्याआधी केटलिनने लुईव्हिलच्या टीमविरुद्ध तेच केलं तेव्हा टाळ्या. गोऱ्या पोरीने केलं की जिद्द, काळ्या पोरीने केलं की माज. बरं, केटलिन स्वतःच म्हणाली की रीसला बोल लावू नका, पण ऐकतंय कोण.

कॉलेजातल्या एकूण पॉइंट्सच्या रेकॉर्डचं विचाराल तर १५ फेब्रुवारी २०२४, मिशिगनविरुद्ध. आधीच्या रेकॉर्डवाल्या केल्सी प्लमचे ३,५२७ मागे टाकायला आठ पॉइंट्स हवे होते. आधी लेअप, मग थ्री, मग पळत येऊन लोगोजवळून अजून एक थ्री, आयोवाचे पहिले आठच्या आठ पॉइंट्स हिचे, सव्वादोन मिनिटांत विषय संपला. त्या दिवशी एकूण ४९. पुढे पुरुषांमधल्या पीट मॅराविचचे ३,६६७ मागे टाकले ते मात्र फ्री थ्रोवर, आणि शेवटी ३,९५१ वर थांबली. पण मॅराविच तीनच सीझन खेळला, ८३ मॅचेस, तेव्हा थ्री-पॉइंट लाइनच नव्हती, आणि ही १३९ खेळली, त्यामुळे तुलनेत फारसा दम नाही. मला जास्त लागतं ते लिनेट वुडर्डचं. कॅन्ससकडून १९८१ पर्यंत ३,६४९ केले, पण तेव्हा बायकांच्या स्पर्धा एनसीएएकडे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेकडे, नव्हत्या म्हणून ते त्यांच्या रेकॉर्डबुकात धरलेच नाहीत. केटलिनच्या निमित्ताने निदान तिचं नाव लोकांच्या तोंडी आलं.

देशाच्या चॅम्पियनशिपची ट्रॉफी कॉलेजात मिळालीच नाही, दोनदा फायनल हरली. २०२४ ला साउथ कॅरोलायनाने ८७-७५ ने हरवलं, पण ती फायनल पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली, असं पहिल्यांदाच झालं. त्या टीमची रेव्हन जॉन्सन लक्षात ठेवा. आदल्या वर्षीच्या सेमीला केटलिनने तिला 'टाक, टाक' असा हात करून मोकळं सोडलं होतं, म्हणजे तुझ्याकडून बास्केट होणार नाही. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. वर्षभराने फायनलला केटलिनला अडवायला तीच समोर, आणि पहिल्या क्वार्टरमध्ये १८ करणारी केटलिन मॅचभरात ३० वर अडकली.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे, बायकांच्या प्रो लीगच्या, डब्ल्यूएनबीएच्या, ड्राफ्टमध्ये पहिली, टीम इंडियाना फीव्हर, पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, इथे आयटीत नवीन लागलेल्या पोरांना पण कधीकधी तेवढा मिळतो. त्याच ड्राफ्टला तिची टीममेट केट मार्टिन प्रेक्षकांत बसायला म्हणून गेली होती आणि तिचंही नाव पुकारलं गेलं, लास व्हेगासने घेतलं. मला तो व्हिडिओ जास्त आवडतो.

बघायचंच असेल तर १ एप्रिल २०२४ ची एलएसयूविरुद्धची मॅच पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत. ४१ पॉइंट्स, ९ थ्री. थ्री सगळेच मोजतात, तुम्ही ते १२ असिस्ट शोधा.