आमची वाटचाल : ताडोब्याच्या बफरमधून प्रवाळ बेटांकडे

चिखलदरा, पचमढी आणि ताडोबा-पेंचच्या सफारी, एवढ्या भांडवलावर नागपूरच्या धरमपेठेतलं आमचं छोटं पर्यटन ऑफिस सुरू झालं. समुद्र तेव्हा डोक्यातही नव्हता. पण जंगलाच्या बुकिंगमध्ये एक गोष्ट पक्की कळली. वाघ दिसो न दिसो, सर्वांत समाधानानं परत येणारे पाहुणे मोठ्या रिसॉर्टमधले नसत. आठ-दहा खोल्यांचा लॉज, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो हे दुसऱ्या दिवशी न सांगता माहीत असलेली माणसं आणि रात्री खरोखरची शांतता, हे त्यांना हवं असायचं. तीच मंडळी पुढे विचारू लागली, "असंच, पण समुद्रावर कुठे आहे का हो?" आमच्या आजच्या कामाचं मूळ त्या प्रश्नात आहे.

पहिलं उत्तर मालदीवचं मिळालं. तिथलं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, 1972 मध्ये उघडलं आणि तेव्हापासून 'एक बेट, एक रिसॉर्ट' हीच तिथली रीत झाली. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात पंधरा मिनिटांत पायी फेरी पूर्ण होईल असं बेट निवडता येतं. मात्र खोल्या कमी, एवढं बघून भागत नाही. किनाऱ्यापासून प्रवाळाची कड किती जवळ आहे, लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतलं शांत पाणी, मुलांना उभं राहता येईल इतकं उथळ आहे का, स्वयंपाकघरात कांदा-लसणाशिवायचं ताट होईल का, हे तिथे राहूनच कळतं. म्हणून आम्ही राहिलेलो नाही ते हॉटेल आम्ही विकत नाही. लहान मुलं सोबत असतील तर वॉटर व्हिलाचा, म्हणजे पाण्यात खांबांवर उभ्या घराचा, कितीही हट्ट असो, आम्ही वाळूवरचाच व्हिला सुचवतो.

नागपूरकरांसाठी खरी गुंतागुंत वेळेची. दूरच्या बेटांवर बहुधा सीप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं, जावं लागतं आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपारी साधारण साडेतीननंतर राजधानी मालेला उतरलात तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागते आणि महागड्या व्हिलाची एक रात्र वाया जाते. म्हणून आदल्या संध्याकाळी मुंबई किंवा बंगळूरू गाठून सकाळचं विमान घ्यायचं, हा आमचा नियम. सीप्लेनमध्ये सामानाचं वजनही काटेकोर असतं. चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे बांधणाऱ्या काकूंना हे आम्ही घरी जाऊन, बॅग पाहून सांगतो.

पण सगळ्यात जास्त अभ्यास करावा लागला तो वाऱ्याचा. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर, नाहीतर भर मे महिन्यात. मालदीवचा कोरडा, निवांत काळ डिसेंबर ते एप्रिल. मेच्या मध्यापासून नैऋत्येचा वारा सुरू होतो. त्याच सुमारास मान्सून अंदमानातही पोहोचतो. नागपूर पंचेचाळीस अंशांत भाजत असताना आमच्या नवदांपत्यानं पाऊस बघत बसायचं का? नाही. श्रीलंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमालीजवळचं निलावेली, मे ते सप्टेंबरमध्ये शांत असतो, कारण नैऋत्येचा पाऊस पश्चिम उतार आणि मधले डोंगर अडवून धरतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला बाली आणि लोंबोकला तर तेव्हा कोरडा ऋतू असतो. मेमधल्या लग्नाची पत्रिका घेऊन येणाऱ्यांना आम्ही हा नकाशा आधी दाखवतो, हॉटेलचे फोटो नंतर. जूनमध्ये मालदीवच हवं असेल तर पूर्वेकडचा व्हिला मागतो. सूर्यास्ताच्या बाजूला तेव्हा वारा आणि लाटा थेट आदळतात, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

कोविडचा काळ कठीण गेला. ऑफिसचं भाडं द्यायचं होतं, कामावरची दोन्ही मुलं टिकवायची होती. 15 जुलै 2020 ला मालदीवनं दारं पुन्हा उघडली, तेव्हा एका बेटावर एकच हॉटेल ही जुनी रीतच लोकांना सुरक्षित वाटली. हळूहळू फोन वाजू लागले आणि आम्ही सावरलो. त्या काळात आलेली कुटुंबं आजही आमच्याकडेच येतात. याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

भावाबद्दल आम्ही फार आग्रही आहोत. मालदीवच्या दरपत्रकात आकड्यापुढे दोन अधिकचिन्हं असतात. त्यांचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि जुलै 2025 पासून सतरा टक्के पर्यटन कर. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री बारा डॉलर हरित कर. बेटावर जेवायला दुसरी खानावळ नसल्यानं दोन वेळचं जेवण धरलंय की तिन्ही वेळचं, यानं बिल कुठल्या कुठे जातं. हे सारं मिळवून येणारा एकच रुपयांतला आकडा आम्ही कागदावर लिहून देतो. तो ऐकून कोणी उठून गेलं तरी चालेल, पण परत निघताना तिथल्या काउंटरवर कोणाचा चेहरा उतरायला नको.

सध्या आम्ही लक्षद्वीपचा अभ्यास करतो आहोत. प्रवेश परवाना, तिथल्या विमानतळाच्या अगत्ती बेटाची विमानं आणि तिथून पुढच्या बोटी यांचं वेळापत्रक नागपूरहून कसं जुळवायचं, यावर रोज संध्याकाळी ऑफिसात चर्चा चालते. ते नीट जमलं की संक्रांतीनंतरच्या बुकिंगमध्ये ते घेऊ. तोवर विचारणाऱ्यांना थोडं थांबा म्हणून सांगतोय.