आमची वाटचाल : पतंग, बैलगाडी आणि मग विमान

२०१२ साली पुण्यात धायरीला भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला फरसाणाची भट्टी. मी, माझा मेहुणा आणि एक वेल्डर एवढीच कंपनी. फ्लाइंग स्कूलसाठी सिम्युलेटर, म्हणजे सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं नकली कॉकपिट बनवायचं आणि आत लॉकहीड मार्टिनचं प्रीपेअर्ड हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर चालवायचं, असा बेत होता. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरवरूनच ते तयार झालंय. आमच्या यंत्रावरचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, हे गिऱ्हाइकाला मी पहिल्याच भेटीत सांगतो. खऱ्या विमानात पैसे जळायच्या आधी पोरांचा हात बसावा, एवढंच त्याचं काम.

पत्रा, वायरिंग, मीटर हे सगळं जमलं. अडलं ते विमान उतरवताना.

पहिलं यंत्र विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलला पोचवलं. तिथले मुख्य प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. सर बसले, ६५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पूर्ण फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या फळ्या, टाकून आले, इंजिनाचा जोर कमी करायला थ्रॉटल मागे ओढला. विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं. अर्धी धावपट्टी संपली तरी चाक टेकेना. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो, हे विमान आहे की पतंग?”

त्या रात्री लॉजवर बसून मी विमानाचं वागणं ठरवणाऱ्या आकड्यांची फाइल उघडली आणि पॅरासाइट ड्रॅगचा आकडा १ चा १.३ केला. सकाळी विमान झकास उतरलं. मग सर आडव्या उड्डाणाला गेले, तर जिथे १२० नॉट मिळायचे तिथे ११० वर काटा अडला. “काल पतंग होता, आज बैलगाडी आणलीत.” उरलेले पैसे अडकले आणि यंत्र टेम्पोत घालून पुण्याला परत आलं. भाडं अर्थातच आमच्या खिशातून.

चूक काय झाली हे कळायला दोन महिने गेले. ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा, तो दोन तऱ्हेचा. विमानाच्या अंगाला हवा घासते, अडते, तो पॅरासाइट. वेग दुप्पट झाला की हा चौपट होतो. दुसरा इन्ड्यूस्ड, लिफ्टच्या म्हणजे पंखाच्या उचलीच्या बदल्यात द्यावा लागणारा. हा उलट कमी वेगाला जड असतो. उतरतानाचं दुखणं मी पॅरासाइटच्या आकड्याने बरं करायला गेलो आणि त्याचा दंड १२० नॉटला भरला.

सरांनी मग मोठं काम केलं. खऱ्या विमानात पॅनेलसमोर मोबाईल अडकवून, थ्रॉटल आयडलवर (इंजिन नुसतं चालू राहील इतकाच) ठेवून, वेग स्थिर धरून त्यांनी चार वेळा उंची सोडली: फ्लॅप बंद, १०, २० आणि ३० अंश. आम्ही गाळ्यात तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचो. उंचीचा काटा पाचशे फूट उतरायला किती सेकंद घेतो ते मेहुणा वहीत लिहायचा. फ्लॅपच्या मोटरचा आवाजही त्यात होता. त्यावरून फ्लॅप उघडायला लागणारा वेळही कळला.

आमचा संशय फ्लॅपवर होता. आधी विमानाच्या मॅन्युअलशी ताडून पाहिलं. फ्लॅप बंद आणि इंजिन गेल्यावर नुसत्या वाऱ्यावर फिरणारा प्रोपेलर, अशा स्थितीत १७२एस हे मॉडेल हजार फुटांत साधारण दीड सागरी मैल सरकतं. ६८ नॉटला हे मिनिटाला साडेसातशे फुटांच्या आसपास पडतं. इंजिन बंद करून आमचं विमान मॅन्युअलशी जुळत होतं. आयडलवर मात्र फ्लॅप बंद असतानाही ते सरांच्या व्हिडिओपेक्षा फार हळू उतरत होतं. म्हणजे फ्लॅपवर उगाच आळ! आयडलवरचा प्रोपेलर विमान पुढे ओढतच होता. आधी तो दुरुस्त केला, पॅरासाइट पुन्हा १ वर आणला आणि मगच फ्लॅपला हात लावला.

फ्लॅपच्या संचाला फाइलमध्ये लिफ्ट, ड्रॅग आणि नाकाचा कल यांचे एकेकच आकडे असतात. खऱ्या विमानात पहिले १० अंश मुख्यतः लिफ्ट देतात आणि २० च्या पुढे ड्रॅग जोरात वाढतो. एका आकड्यात हे बसेना. ३० ला जुळवलं की १० ला विमान जड व्हायचं. शेवटी मेहुण्याने फ्लॅपचे दोन संच लिहिले: एक पहिल्या खाचेला उघडून लिफ्ट देणारा, दुसरा २० पासून ब्रेक लावणारा. पडद्यावर दिसायला फ्लॅप एकच.

नाकाच्या कलाला मात्र मॅन्युअलमध्ये आकडाच नाही. १७२ मध्ये फ्लॅप टाकले की नाक वर उठतं आणि योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं सुकाणू, पुढे ढकलावा लागतो. किती, ते सरांच्या मनगटाला ठाऊक. यंत्र पुन्हा तिकडे नेलं. तीन तास ते योक धरून बसले होते आणि मी बाजूला लॅपटॉप घेऊन. “कमी करा. अजून. आता पावशेर वाढवा.”

संध्याकाळी चाक जिथे टेकायला हवं तिथे टेकलं. सर उठले. “अकाउंट्सला सांगतो पैशांचं. तेवढा तो चाळीसचा खटका काढा.” आमच्या फॅब्रिकेटरने जुन्या १७२एनचा फोटो बघून फ्लॅपच्या खटक्याची पट्टी ४० अंशांपर्यंत कापली होती. १९८१ च्या १७२पी पासून सेस्नाने कमाल ३० च ठेवलेत. इतके महिने ती पट्टी माझ्या नाकासमोर होती.

पुढे ऑर्डरी येत गेल्या. लॉकडाउनमध्ये वर्षभर गाळ्याचं भाडंही निघालं नाही, ते असो. आता एका गिऱ्हाइकाला एक्स-प्लेन हे दुसरं सिम्युलेटर सॉफ्टवेअर हवंय. त्यात पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचा जोर हिशेबाने काढतात, त्यामुळे आमचे जुने आकडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. फ्लॅपची लांबी-रुंदी टेप लावून मोजून आणलीय. आणि ऑर्डर घेताना आधी त्यांच्याच विमानाचा चार उतरणींचा व्हिडिओ मागतो. इसार त्यानंतर.