२.८ जीपीए ते मेडिकल स्कूल: अमेरिकेतल्या या वाटेवरचे टप्पे, तारखा आणि अडकायच्या जागा

ही वाट २.८ जीपीएपासून, म्हणजे ४.० पैकी ग्रेडच्या सरासरीपासून, सुरू होते. १२० क्रेडिटची डिग्री, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी, दुसऱ्या वर्षात एखादा एफ. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत अशी ट्रान्सक्रिप्ट (ग्रेडची अधिकृत नोंद) असलेली मराठी मुलं आहेत, फक्त गणपतीच्या कार्यक्रमात तो विषय कुणी काढत नाही. अमेरिकेत एमडीला प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या आसपास असतो आणि एमकॅट, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा स्कोअर, ५११-५१२. अंतर मोठं आहे. दोन ते तीन वर्षं हाताशी धरूनच निघा.

पहिला मुक्काम आकडेमोडीचा. कॉलेजच्या पोर्टलवर दिसणारा जीपीए इथे चालत नाही. एमडीचे बहुतेक अर्ज ॲमकॅस या सामाईक अर्जसेवेतून जातात आणि ॲमकॅस स्वतःचा जीपीए काढतं. त्यात विषय पुन्हा दिला तरी दोन्ही ग्रेड धरल्या जातात: चार क्रेडिटच्या विषयात आधी एफ आणि मग ए म्हणजे आठ क्रेडिट आणि सरासरी २.०. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही डॉक्टर होण्याची दुसरी पदवी; तिच्यासाठीच्या ॲकोमास अर्जसेवेत जुनी ग्रेड पुसली जायची, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. जुने सल्ले वाचून अजूनही लोक सी आलेले सगळे विषय परत घेतात. सी मायनस किंवा त्याखालचे आवश्यक विषय परत घ्या, सी आलेल्यांच्या पुढचे विषय घ्या. टेक्सासच्या रहिवाशांना दहा वर्षांपेक्षा जुने क्रेडिट बाजूला ठेवण्याची वेगळी सवलत आहे, पण तीत चांगल्या ग्रेडही जातात.

जीवशास्त्र, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा बीसीपीएम जीपीए वेगळा निघतो. वहीत मांडून बघा. १२० क्रेडिटवर २.८ असताना आणखी ३० क्रेडिट ४.० ने केले, तर एकूण होतो ३.०४. एवढ्यासाठी वर्ष घालवायचं का, असं वाटेल. पण त्यात विज्ञानाचे ४५ क्रेडिट २.६ चे असतील, आणि नवे ३० ही विज्ञानाचेच, तर बीसीपीएम ३.१६ वर जातो, आणि पदवीनंतरच्या क्रेडिटची स्वतंत्र ओळ ४.० दाखवते. प्रवेश समितीचं लक्ष त्या ओळीवर जातं.

दुरुस्तीचे रस्ते दोन. पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे विषय. हे मूळ जीपीएत मिसळतात. स्पेशल मास्टर्स, म्हणजे जॉर्जटाउन किंवा बॉस्टन युनिव्हर्सिटीसारखे एका-दोन वर्षांचे अभ्यासक्रम, यांचा जीपीए पदव्युत्तर म्हणून वेगळा राहतो आणि मूळ आकडा हलत नाही. म्हणून ३.० च्या खाली असाल तर आधी पोस्ट-बॅक, ३.२-३.३ ला अडकला असाल आणि एमकॅट चांगला असेल तर मास्टर्स. मास्टर्स महाग असतं, आणि तिथे बी मिळाले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. पोस्ट-बॅकमध्येही दोन जाती आहेत. नावाजलेले बरेचसे कार्यक्रम विज्ञान कधी न घेतलेल्यांसाठी असतात. तुम्हाला ग्रेड सुधारणाऱ्यांसाठीचा हवा. कार्यक्रमाचं नाव नसलं तरी चालतं, जवळच्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत थेट विषय घेता येतात. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी; एका सेमिस्टरला १२ ते १५ क्रेडिट. नोकरी सांभाळून एकेक विषय घेतला तर ए मिळतो, पण मेडिकल स्कूलचं ओझं पेलेल का, या शंकेला उत्तर मिळत नाही.

एमकॅट या सगळ्यानंतर. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा बसता येतं, पण प्रत्येक स्कोअर शाळेला दिसतो. कमी जीपीएवाल्यांना 'एकदा देऊन बघू' परवडत नाही. एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेच्या शेवटच्या तीन पूर्ण सराव परीक्षांची सरासरी हव्या आकड्याला पोचत नसेल, तर तारीख पुढे ढकला. दहा दिवस आधीपर्यंत फी भरून ते जमतं. निकालाला महिनाभर लागतो, म्हणजे मार्च-एप्रिलची तारीख सोयीची.

ॲमकॅसचा फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. अर्ज पाठवल्यावर नवीन ग्रेड त्यात भरल्या जात नाहीत. जूनमध्ये अर्ज करून ऑगस्टमध्ये मास्टर्स सुरू केलं, तर पहिल्या ग्रेड डिसेंबरात येतात, तोवर बऱ्याच शाळांनी फाइल जुन्या आकड्यांवर बाजूला ठेवलेली असते. दुरुस्तीचं वर्ष पूर्ण होऊ द्या, मेच्या ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढू द्या, मग पाठवा. घाईत गेलेला अर्ज फसला की पुढच्या वर्षी 'पुन्हा अर्ज करणारा' म्हणून जावं लागतं आणि काय बदललं ते लिहावं लागतं.

हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा विषयही अर्जात नोंदवावा लागतो, डब्ल्यू (मध्येच सोडलेला विषय) सुद्धा. एक ट्रान्सक्रिप्ट राहिली की पडताळणी अडते, आणि जूनच्या गर्दीत तिला तसेही काही आठवडे लागतात. भारतात बीएस्सी केलेल्यांच्या मार्कांचा जीपीए ॲमकॅस काढत नाही. बहुतेक एमडी शाळांना अमेरिकेतले किंवा कॅनडातले क्रेडिट लागतात. ग्रीन कार्ड नसेल तर शाळांची यादी बरीच आखडते, हे आधी तपासा.

ॲकॅडेमिक प्रोबेशन, म्हणजे कमी ग्रेडसाठी कॉलेजची ताकीद, लागलं होतं का, हा प्रश्न अर्जात थेट येतो. लागलं असेल, तर ट्रान्सक्रिप्टवर नसलं तरी उत्तर 'हो'च द्यायचं. लपवलेलं नंतर कॉलेजच्या पत्रातून बाहेर आलं, तर सी ग्रेडपेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

ग्रेडचं स्पष्टीकरण ५,३०० अक्षरांच्या मुख्य निबंधात घालू नका. तो डॉक्टर का व्हायचंय यासाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक शाळेचे स्वतःचे सेकंडरी (दुसऱ्या फेरीचे) अर्ज येतात, त्यात अनेकदा हाच प्रश्न असतो. दोन आठवड्यांत परत पाठवता यावं म्हणून मजकूर जूनमध्येच तयार ठेवा. कारण एका वाक्यात, काय बदललं ते दोन वाक्यांत, मग पुरावा: किती क्रेडिट, कोणते विषय, किती ग्रेड. आठवड्याला तीस तास काम करत होतो, हे कारण आहे. प्रोफेसर वाईट होते, हे नाही. आजारपण असेल तर आता ते आटोक्यात आहे हे दिसलं पाहिजे. मुलाखतीत तेवढंच बोला आणि थांबा. पाच मिनिटं लांबलेली सफाई समोरच्याला नसलेली शंकाही देते.

यादीत डीओ शाळा पहिल्यापासून ठेवा. तिथली सरासरी ३.६ आणि ५०४ च्या आसपास, आणि डीओ पूर्ण अधिकारांचे डॉक्टर असतात. 'डीओ म्हणजे काय' हे आजी-आजोबांना एकदा समजावावं लागेल, एवढंच. कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलचा पर्याय शेवटचा: प्रवेश सोपा, पण वर्गातले कितीजण वेळेत पदवी घेऊन रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणाला) लागले, हे लेखी विचारा. नुसता 'मॅच रेट' (रेसिडेन्सीची जागा मिळालेल्यांचं प्रमाण) सांगितला तर तो कोणाकोणाला धरून काढलाय ते विचारा.

वेटलिस्टवर असाल तर एप्रिल महत्त्वाचा. एकापेक्षा जास्त प्रवेश मिळालेल्यांनी १५ एप्रिलपर्यंत तीन आणि ३० एप्रिलपर्यंत एक शाळा निवडायची असते, त्यामुळे जागा मेमध्ये सुटतात. नवीन ग्रेडचं पत्र त्याआधी पाठवा, पण शाळा अशी पत्रं घेते का ते तिच्या पोर्टलवर बघून. काही शाळा स्पष्ट नको म्हणतात.